सिगारेट सुटली, तंबाखू सुटली का?

“सिगारेट केव्हाच सोडली, डॉक्टर! आता दिवसाकाठी चार-पाच विड्या, एवढेच.” साठी ओलांडलेले अनेक गृहस्थ हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारतात. सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या चेहऱ्यावरही तेच समाधान दिसते. घरातून सिगारेटचे पाकीट हद्दपार झाले, म्हणजे निम्मी लढाई जिंकली, असे त्यांनाही वाटत असते. अलीकडे या वाक्याची आणखी काही रूपे कानी पडू लागली आहेत. कोणी सुटी तंबाखू आणि पातळ कागद आणून घरीच सिगारेट वळतात. कोणी गावाकडून आलेली पाने चुरून चिलमीत भरतात किंवा चुन्याबरोबर मळतात. आणि तव्यावर भाजलेल्या मशेरीला तर कित्येक आजी व्यसन म्हणायलाच तयार नसतात.

या बदलामागे साधारण तीन कारणे असतात. पहिले पैशाचे. निवृत्तिवेतनात सिगारेटचा रोजचा खर्च परवडत नाही. विडी व सुटी तंबाखू त्या मानाने स्वस्त पडते. दुसरे कारण घरच्यांच्या आग्रहाचे. काहीतरी सोडल्याचे दाखवावे लागते, म्हणून सर्वांत ठळकपणे दिसणारी वस्तू सोडली जाते. तिसरे कारण मात्र श्रद्धेचे आहे आणि तेच सर्वांत चिवट आहे. “कारखान्यातल्या सिगारेटमध्ये रसायने असतात; आपले पान शुद्ध, नैसर्गिक,” ही ती श्रद्धा. सुशिक्षित घरांतही ती आढळते. म्हणूनच तिची शांतपणे चिकित्सा करणे आवश्यक आहे.

विष पाकिटात की पानात?

सिगारेट तयार करताना तंबाखूत काही पदार्थ मिसळले जातात, हे खरे आहे. चव, ओलावा, सुवास यांसाठी ते वापरतात. परंतु सिगारेटने होणाऱ्या हानीचा मोठा भाग या मिसळलेल्या पदार्थांतून येत नाही. तो येतो खुद्द तंबाखूच्या पानातून आणि ते पान जाळण्याच्या क्रियेतून.

निकोटिनचेच उदाहरण घेऊ. ते कोणी कारखान्यात ओतत नाही. तंबाखूचे झाड किडींपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी ते आपल्या मुळांत तयार करते आणि पानांत साठवते. धुरावाटे फुप्फुसांत गेलेले निकोटिन अवघ्या दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तलफ लावण्याचे काम तेच करते. झाड कंपनीच्या कंत्राटी शेतातले असो वा परसातले, हा गुण त्याच्या रक्तातच आहे असे म्हणावे लागेल.

पान खुडल्यानंतर ते वाळवले, मुरवले आणि साठवले जाते. या काळात पानातील नैसर्गिक घटकांपासूनच नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. त्यांतील दोन संयुगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवले आहे. शिवाय तंबाखूचे झाड जमिनीतून कॅडमियमसारखा विषारी धातू शोषून घेते. पोलोनियम हा किरणोत्सारी पदार्थही तिच्या पानांत अत्यल्प प्रमाणात सापडतो. ही सारी झाली पान पेटवण्यापूर्वीची अवस्था.

पान पेटल्यावर धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक पदार्थ निर्माण होतात; त्यांतील किमान सत्तर कर्करोगकारक आहेत. कोणतेही पान जाळले की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच. चुलीच्या धुराला आपण “नैसर्गिक” म्हणून छातीत ओढून घेत नाही. कारण लाकूड नैसर्गिक असले, तरी धूर घातक असतो, हे आपण अनुभवाने ओळखतो. तंबाखूलाही हाच न्याय लावायला हवा.

कार्बन मोनॉक्साइडविषयी एक गोष्ट घरच्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. करोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र आले. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा बळकावतो. पण हे साधे यंत्र त्या दोहोंतील फरक ओळखू शकत नाही. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या बोटावर ९७ किंवा ९८ हा आकडा दिसला, तरी तेवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

विडी: लहान, पण साधी नव्हे

विडी आपल्या मातीशी जोडलेली आहे. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांतील टेंभुर्णीची पाने, म्हणजेच तेंदूपत्ता, निपाणी भागातील तंबाखू आणि सोलापूरच्या घराघरांत विडी वळणाऱ्या स्त्रियांचे हात यांतून ती घडते. या आपलेपणामुळे ती निरुपद्रवी वाटते. तिचा आकारही या समजाला बळ देतो. सिगारेटमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास तंबाखू असते, तर विडीत साधारण पाव ग्रॅम किंवा त्याहूनही कमी.

मात्र तंबाखू कमी म्हणून धूर सौम्य, असे होत नाही. सिगारेटचा कागद सच्छिद्र असतो. त्यातून हवा जाते आणि तंबाखू जळत राहते. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी जात नाही. त्यामुळे विडी सारखी विझू पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठी वरचेवर, जोराने झुरके घ्यावे लागतात. हा प्रत्येक झुरका फुप्फुसांत खोलवर जातो. म्हणूनच तंबाखूचे वजन कमी असूनही विडीच्या धुरातील डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटच्या तोडीस तोड, किंबहुना अनेक मोजमापांत अधिक आढळले आहे.

रोगांच्या बाबतीत काय दिसते? मुंबईतील सुमारे एक लाख नागरिकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचा धोका १.३७ पट, तर विडी ओढणाऱ्यांत १.६४ पट आढळला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात क्रम उलटा होता. तेथे सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सरासरी सुमारे दहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे सहा वर्षांनी आणि विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी घटलेले दिसले. दोघींपैकी कोण अधिक घातक, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. दोन्ही पाहण्यांत निर्धोक मात्र कोणीच ठरले नाही.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होणारा आणखी एक विकार येथे सांगायलाच हवा. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या बंद पडून बोटे काळी पडण्याचा हा आजार, म्हणजे बर्जर रोग. तो बहुधा पन्नाशीच्या आतच जडतो. यात औषधांपेक्षा तंबाखू पूर्ण बंद करण्याचा उपयोग अधिक होतो. दिवसाला एखादी विडी चालू ठेवली, तरी रोग पुढे सरकत राहतो. उतारवयात रक्तवाहिन्या मुळातच अरुंद झालेल्या असतात. त्यात मधुमेह असेल, तर पायाच्या लहानशा जखमेचे रूपांतर बोट गमावण्यात होण्यास वेळ लागत नाही.

घरी वळलेली सिगारेट

शहरांतून सुटी तंबाखू, वळण्याचे कागद आणि छोटी यंत्रे मिळतात. युरोपात आणि न्यूझीलंडमध्ये सिगारेट महाग झाल्यावर पुष्कळ लोक या मार्गाने गेले. परदेशी राहणाऱ्या मुलांकडे काही महिने राहून आलेल्या वडीलधाऱ्यांनी ही सवय सोबत आणल्याचेही दिसते.

हिच्याबाबत तीन गोष्टी जाणून घ्याव्यात. एक, वळण्यासाठी विकली जाणारी तंबाखू “शुद्ध पान” असतेच असे नाही. ती कोरडी पडू नये म्हणून तिच्यात ओलावा टिकवणारी द्रव्ये मिसळलेली असतात. म्हणजे ज्या रसायनांच्या भीतीने सिगारेट सोडली, ती येथेही हजर असतात. दोन, वळलेल्या सिगारेटला बहुधा गाळणी नसते. कारखान्यातील सिगारेटच्या गाळणीनेही विषारी वायू अडत नाहीत, त्यामुळे तिचे कौतुक करण्यात अर्थ नाही. पण गाळणी नसल्याने धूर सौम्य होतो, हा तर्कही टिकत नाही. तीन, प्रत्येक वेळी तंबाखू किती भरली, याला काही माप उरत नाही. पाकिटातील सिगारेटी निदान मोजता येतात. डब्यातली तंबाखू किती संपली, हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही.

अमेरिकेत काही सिगारेटींवर “नैसर्गिक” आणि “मिश्रणविरहित” असे शब्द छापले जात. अशा शब्दांमुळे ग्राहकांना ती सिगारेट कमी घातक वाटते, हा आक्षेप तेथील औषध प्रशासनाने घेतला आणि २०१७ साली त्यांच्या वापराला बांध घातला गेला. शब्दांची ही मोहिनी आपल्याकडच्या “गावरान” आणि “घरगुती” या विशेषणांतही तितकीच आहे.

गावाकडचे पान आणि घरची मशेरी

“आमच्या शेतातले पान आहे, फवारणीसुद्धा नाही,” असे कोणी सांगितले की ऐकणाराही क्षणभर पाघळतो. भाजीपाल्याच्या बाबतीत या वाक्याला मोल आहे. तंबाखूच्या बाबतीत फवारणी वगळली, तरी निकोटिन आणि नायट्रोसामाइन उरतातच. उलट घरी वाळवलेल्या पानांत निकोटिन किती, याचा कसलाच अंदाज नसतो. दमट जागी बांधून ठेवलेल्या पानांवर बुरशी धरते आणि तिचे कण धुराबरोबर किंवा चुऱ्याबरोबर शरीरात जातात. तंबाखूच्या शेतात ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या यांचा त्रास होतो, कारण निकोटिन त्वचेतूनही शोषले जाते. ज्या पानाला नुसता हात लावल्याने माणूस आजारी पडू शकतो, त्याला औषधी वनस्पतींच्या पंक्तीत कसे बसवावे?

तंबाखू ही आपली परंपरागत वनस्पतीही नव्हे. ती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर ती सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या मुघल सरदाराने विजापूरहून ती अकबराच्या दरबारी नेल्याची नोंद इतिहासात आहे. पूर्वजांच्या आहारविहारात तिचे स्थान चारशे-सव्वाचारशे वर्षांपलीकडे जात नाही.

मळलेल्या तंबाखूला धूर नाही, म्हणून ती फुप्फुसांना वाचवते, असा युक्तिवाद होतो. पण चुना मिसळताच तंबाखूतील निकोटिन अशा रूपात येते की गालाच्या आतील त्वचेतून ते झपाट्याने रक्तात उतरते. तलफ अधिक घट्ट होते आणि नायट्रोसामाइनचा मारा थेट तोंडावर होतो. तोंडाच्या कर्करोगाचे आपल्या देशातील प्रमाण इतके मोठे असण्यामागे हे प्रमुख कारण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले. त्यांत धूरविरहित तंबाखू घेणारे २१.४ टक्के होते.

मशेरीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण ती स्त्रियांच्या वाट्याला आली आहे आणि घरात तिच्याकडे कोणी व्यसन म्हणून पाहत नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि दातांना लावायची. भाजताना तिच्यात जळण्यातून निर्माण होणाऱ्या कर्करोगकारक पदार्थांची भर पडते. भाजणाऱ्या बाईच्या आणि शेजारी खेळणाऱ्या मुलांच्या छातीत तो धूर जातो तो वेगळाच. दातांच्या उत्पादनांत तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. विकतच्या दंतमंजनात जी वस्तू निषिद्ध, ती घरच्या तव्यावर भाजल्याने निर्दोष होत नाही. सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा मशेरी लावल्याशिवाय आईला करमत नसेल, तर ती दात घासत नसून तलफ भागवीत आहे, हे मुलांनी समजून घ्यावे.

“कमी तर केली ना?”

हा प्रश्न बहुतेक वेळा प्रामाणिकपणे विचारला जातो. वीसवरून पाचवर येणे सोपे नसते. त्या प्रयत्नाचा मान राखलाच पाहिजे. परंतु हृदयाचे गणित वेगळे आहे. अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जो वाढीव धोका संभवतो, त्याच्या जवळजवळ निम्मा धोका उरतो. सिगारेटी वीसाव्या हिश्शावर आल्या, धोका मात्र निम्म्यावरच थांबला.

शिवाय शरीर आपली निकोटिनची रोजची गरज सहजी सोडत नाही. संख्या कमी झाली की झुरके लांबतात, धूर अधिक वेळ रोखला जातो, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत ओढले जाते. सिगारेटवरून विडीवर गेलेल्यांच्या बाबतीत हे हमखास घडते. म्हणून कमी करणे ही एक पायरी असावी. तिच्या पुढे बंद करण्याची तारीख ठरलेली असावी.

आता या वयात सोडून काय लाभ?

ज्येष्ठांच्या तोंडून येणारा हा सर्वांत निराश प्रश्न आहे, आणि सुदैवाने त्याचे उत्तर सर्वांत आशादायक आहे. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांचा मागोवा घेतला. पन्नास वर्षांच्या निरीक्षणाचा अहवाल २००४ साली आला. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटले होते. ज्यांनी तिशीत सोडली त्यांना ही जवळजवळ सारी वर्षे परत मिळाली. चाळिशीत सोडणाऱ्यांना सुमारे नऊ, पन्नाशीत सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षे मिळाली.

तीन वर्षे म्हणजे नातीचे लग्न पाहणे असू शकते. पण वर्षांच्या संख्येपेक्षा त्या वर्षांची प्रत अधिक मोलाची आहे. तंबाखू सोडल्यावर वीस मिनिटांत नाडीची गती उतरू लागते. दिवसभरात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड ओसरतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका निम्मा होतो. श्वासनलिकांच्या जुनाट विकारात गेलेली क्षमता परत येत नाही. मात्र पुढील घसरण मंदावते. जिना चढून देवळात जाता येणे आणि खाटेवर बसून धापा टाकणे, यांतले अंतर पुष्कळदा या मंदावलेल्या घसरणीवर ठरते. हाडांची झीज, मोतीबिंदू, जखम न भरणे या उतारवयातील तक्रारींनाही धूम्रपान खतपाणी घालते. गुडघ्याची किंवा मोतीबिंदूखेरीज इतर कोणतीही मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर किमान चार आठवडे आधी तंबाखू बंद केल्याने जखम भरण्यास आणि छातीतील गुंतागुंत टाळण्यास मोठी मदत होते.

सोडताना काय होते, काय करावे

पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, भूक वाढणे, तोंडात लहान फोड येणे, काही दिवस खोकला वाढणे असे त्रास होतात. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरतात. तलफेची एकेक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी घोटघोट पिणे, दीर्घ श्वास घेणे, जागेवरून उठणे, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरणे यांनी ती निभावून नेता येते.

ज्येष्ठांची एक तक्रार मात्र वारंवार ऐकू येते: “विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही.” यात तथ्य आहे. निकोटिन आतड्यांना चालना देते; ते थांबले की काही दिवस बद्धकोष्ठ होते आणि तेवढ्या कारणावरून निश्चय मोडतो. याची तयारी आधीच करावी. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी व फळे, ठराविक वेळी शौचास बसण्याची सवय आणि गरज पडल्यास पुरेशा पाण्यासह इसबगोल. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

निकोटिनचे च्युइंगगम, चघळण्याच्या गोळ्या आणि पट्ट्या यांनी सोडण्याची शक्यता वाढते. च्युइंगगम नेहमीच्या गोळीसारखे सतत चावायचे नसते. थोडे चावावे, तिखटसर चव लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावे. चव गेली की पुन्हा थोडे चावावे. साधारण अर्धा तास हे चालू ठेवावे. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, आंबट सरबत घेऊ नये. अन्यथा निकोटिन नीट शोषले जात नाही. कवळी असलेल्यांच्या दातांना ते चिकटते, म्हणून त्यांच्यासाठी चघळण्याची गोळी किंवा पट्टी अधिक सोयीची. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तलफ कमी करणारी तोंडाने घ्यायची औषधेही उपलब्ध आहेत. फिट्स येण्याचा पूर्वेतिहास, मूत्रपिंडाचे आजार यांचा विचार करून ती डॉक्टरच ठरवतात.

एक महत्त्वाची सूचना बहुधा राहून जाते. धुरातील काही घटक यकृताला विशिष्ट औषधे लवकर निकामी करायला लावतात. धूम्रपान थांबले की तीच मात्रा अंगात अधिक काळ टिकते. दम्यासाठी थिओफायलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन अथवा ओलान्झापिन घेणाऱ्यांना त्यामुळे मळमळ, धडधड, अतिझोप असे त्रास होऊ शकतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनीही तपासणी लवकर करून घ्यावी. म्हणून सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी कळवावी. चहा-कॉफीचाही परिणाम वाढतो. रात्री झोप न येण्याचे खापर तंबाखू सोडण्यावर फोडण्यापूर्वी संध्याकाळचा कप कमी करून पाहावा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

वडीलधाऱ्यांची झडती घेऊन, डबी लपवून किंवा पाहुण्यांसमोर टोमणे मारून तंबाखू सुटत नाही. ती लपून ओढली जाते, आणि लपून ओढलेली विडी अंथरुणात विझवली जाते. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

सोडण्याची तारीख त्यांनाच ठरवू द्यावी. शक्यतो ती पंधरवड्याच्या आतील असावी.

घरातील विडी, तंबाखू, चुना, चंची, लायटर, रक्षापात्र हे सारे त्या दिवशी त्यांच्या संमतीने बाहेर काढावे. मशेरीचा डबाही त्यात यावा.

सकाळचा चहा, जेवणानंतरची वेळ, कट्ट्यावरची बैठक या तलफेच्या वेळा आहेत. त्या वेळी सोबत द्यावी. फेरफटका, पत्ते, वर्तमानपत्राचे वाचन असे काही हाताशी ठेवावे.

घरातील अन्य कोणी ओढत असेल, तर त्यानेही त्याच दिवशी सोडावे. मुलगा गॅलरीत सिगारेट ओढत असताना वडिलांना उपदेश करणे व्यर्थ आहे.

नातवंडांना टपरीवर विडी-तंबाखू आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे कायद्याने गुन्हा आहे आणि सवयीची पहिली ओळख याच फेऱ्यांतून होते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती काडेपेटी एकटे असताना देऊ नये. अशा घरांत तंबाखूचा पहिला बळी अंथरूण-पांघरूण ठरते.

घरी प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर चालू असेल, तर त्या खोलीत विडी, सिगारेट, काडेपेटी पूर्ण वर्ज्य असावी. समई, निरांजन आणि उदबत्तीही दुसऱ्या खोलीत लावावी. यंत्र बंद केल्यावरही कपड्यांत आणि पांघरुणात प्राणवायू काही काळ रेंगाळतो. नाकाशी नळी असताना किंवा ती नुकतीच काढून ओढलेल्या एका विडीने चेहरा भाजू शकतो.

पुन्हा एखादी ओढली गेली, तर “पाहा, जमले नाहीच” असे म्हणू नये. बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात. आधीचा प्रयत्न कोणत्या वेळी, कशामुळे ढळला, हे शोधावे आणि नवी तारीख धरावी.

तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची विनाशुल्क दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवरही छापलेला असतो.

डॉक्टरांकडे विनाविलंब केव्हा जावे?

तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, थुंकीतून रक्त, विनाकारण वजन घटणे, चालताना पोटरी भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, पायाच्या बोटाचा रंग बदलणे किंवा न भरणारी जखम, नेहमीपेक्षा वाढलेला दम. यांपैकी काहीही आढळले, तर “सिगारेट तर सोडली आहे” असे म्हणून थांबू नये. छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणारी वेदना असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि तपासणीस जाल, तेव्हा “धूम्रपान करता का?” या प्रश्नाला विडी, वळलेली सिगारेट, चिलीम, मळलेली तंबाखू आणि मशेरी या साऱ्यांसह उत्तर द्यावे. “सिगारेट नाही” एवढेच सांगितले, तर डॉक्टरांपुढे अर्धेच चित्र येते आणि उपचारही अर्ध्यावर राहतात. पूर्ण उत्तर मिळाले, तर त्याच भेटीत सोडण्याची तारीख ठरवता येते, औषधांच्या मात्रा पाहता येतात आणि पुढील भेटीचा दिवसही लिहून देता येतो.